सतरा नंबरची प्रत

भिक्षू गेले, फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला, आणि तोमिएने उदबत्तीच्या पात्रातली राख सारखी करत म्हटलं, "आता जेवणाआधी सगळ्यांनी आपापली पुस्तकं काढा."

कुणी हललं नाही. नवऱ्याच्या तिसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला तिने पोरांना फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. काळे कपडे घाला, आणि मी दिलेली पुस्तकाची प्रत बरोबर आणा. काळे कपडे सगळ्यांनी घातले होते.

"आई, डबे थंड होतायत," कान्जी म्हणाला. तो एक्कावन्न वर्षांचा होता, हिरोशिमात यंत्रांच्या कारखान्यात चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती, आणि आईसमोर गुडघे मोडून बसला की त्याचा आवाज शाळेतल्यासारखा व्हायचा.

"डबे थंडच असतात. पुस्तक."

देव्हाऱ्यात मोरिहिकोचा फोटो होता. पोस्टातल्या निरोपसमारंभातला, जरा मान कलती करून हसणारा. फोटोसमोर पाहुण्यांनी आणलेली नैवेद्याची पुडकी रचली होती: मांजूच्या गोड वड्यांची दोन खोकी, पेअरची एक टोपली, आणि नणंद किनुएने आणलेलं राखाडी-पांढऱ्या कागदात बांधलेलं एक चपटं पुडकं. सगळं संध्याकाळी उघडून सारखं वाटायचं, ही रीत होती.

तोमिएने किमोनोच्या कमरपट्ट्याच्या, ओबीच्या, घडीतून एक पत्र काढलं. ओकायामाच्या छापखान्याचं. ते गेल्या आठवड्यात आलं होतं आणि तेव्हापासून तिने ते नऊ वेळा वाचलं होतं.

पुस्तकाचं नाव होतं 'हिरासे धक्का: पाण्याचं तापमान, रोज सकाळी साडेसहा'. एकतीस वर्षांचे आकडे, चौऱ्याऐंशी आलेख. शाळेत विज्ञान शिकवत असताना आणि निवृत्तीनंतरही ती रोज सकाळी बादली आणि थर्मामीटर घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरायची. पाचशे प्रती स्वतःच्या पैशाने छापल्या. साठ वाटल्या. पन्नास गावातल्या हिदाकांच्या दुकानात ठेवल्या. उरलेल्या तीनशे नव्वद छापखान्याच्या गोदामात पडून होत्या.

वाटलेल्या साठ प्रतींच्या बदल्यात बावन्न घरांतून परतभेटी आल्या, टॉवेल, साबण, सुकवलेले मशरूम. पुस्तकाबद्दल एका घरानेही शब्द काढला नाही. वाचनालयाने देणगीची प्रत आभार मानून घेतली आणि तळघरातल्या कपाटात ठेवली. इंटरनेटवर कुणीतरी ते चुकून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या यादीत टाकलं. तिथून एक प्रत गेली आणि चार दिवसांत परत आली. 'अंघोळीची सोय कुठे आहे ते दिलेलं नाही,' अशी तक्रार बरोबर होती.

"हिदाकांच्या दुकानात पहिल्या वर्षी तीन प्रती विकल्या गेल्या," तोमिए म्हणाली. "सप्टेंबर ते नोव्हेंबर, एकेचाळीस."

"वा! छान झालं की," तिची मुलगी चिसातो म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती आईकडेच राहत होती आणि गावातल्या औषधाच्या दुकानात काम करत होती.

"छान? तीन, आणि मग एकेचाळीस? एवढी मोठी उडी दिसली की आधी थर्मामीटर तपासायचा असतो." तिने पत्राची दुसरी घडी उघडली. "पुढच्या वर्षापासून गोदामात फुकट ठेवणार नाहीत. या फॉर्मवर खूण करायची. प्रती घरी पाठवायच्या, की लगदा करायचा. सोमवारी पोचायला हवा. मी ठरवलंय. ही एकेचाळीस माणसं खरी असतील, तर प्रती घरी येतील आणि मी दुसरा भाग लिहीन, समुद्रगवताचा. तुमच्यापैकी कुणी मला खूश करायला हे केलं असेल, तर लगदा. आणि वह्यासुद्धा त्याच गाडीतून जातील."

"वह्या कशाला?" चिसातोचा आवाज बारीक झाला.

"कुणाला नको असलेलं घरात ठेवून धूळ कोण पुसणार? तू?"

किनुए आत्यांनी चहाचा घोट आवाज करत घेतला. त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि या घरात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या, हे त्या कुणाला विसरू देत नसत. "माझ्याकडे काय बघतेस, तोमिए? मला तू फुकट दिलेलं. फुकट मिळालेलं माणूस विकत घेतं का? आणि आठ अंशाला आठ अंश म्हणायला पुस्तक कशाला हवं, पाय घालून बघावं."

"तुमची प्रत कुठे आहे, वन्सं?"

"आहे घरी. खिडकीखाली लावलीये. खिडकी वाजत नाही आता."

कान्जीला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं.

*

कान्जीच्या बायकोने, मिसाओने, पिशवीतून पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी सासूसमोर ठेवलं.

आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंनी दिलेली प्रत घरी टेलिफोनखाली होती. ही प्रत तिने आज सकाळी गाडीच्या डिकीतून काढली होती. जादा टायरच्या शेजारी एका खोक्यात अशा बारा होत्या.

सप्टेंबरपासून कान्जी दर गुरुवारी दोन तास उशिरा येत होता. मीटिंग, म्हणायचा. गाडीच्या मीटरवर सासूच्या गावाला, हिरासेला, जाऊन येण्याइतके किलोमीटर वाढलेले असायचे, आणि मिसाओच्या माहितीप्रमाणे हिरासेला घटस्फोट घेतलेली त्याची एक शाळेतली मैत्रीण परत राहायला आली होती. सहा आठवडे ती काही बोलली नाही. सातव्या आठवड्यात तिने डिकी उघडली. तिथे बाईचा रुमाल सापडला असता तर काय करायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. समुद्राच्या पाण्याचं तापमान सापडल्यावर काय करायचं हे ठरवलं नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच फार राग आला. बायकोशी खोटं बोलायचं, आणि तेही आईसाठी!

तोमिएने पुस्तक उलटं केलं, शेवटचं पान उघडलं आणि चष्मा वर सरकवला.

"एकतीस," ती म्हणाली.

"एकतीस काय?" कान्जीने विचारलं.

"हिदाकांकडे दिलेल्या पन्नास प्रतींवर मी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने नंबर घातले होते. तुम्हाला दिलेल्यांवर नंबर नाहीत. ही एकतीस नंबरची, दुकानातली आहे."

कान्जीने बायकोकडे पाहिलं. मिसाओ डब्यांवरच्या जेवायच्या लाकडी काड्या सरळ करत होती.

"तू मुद्दाम," तो पुटपुटला.

"मी काय मुद्दाम? घरात पुस्तक होतं, आणलं. आईंनी आणायला सांगितलं होतं ना?"

"किती आहेत, कान्जी?"

"आई, ऐक..."

"मी आकडा विचारतेय."

"बारा."

"बारा!" चिसातो ओरडली. "दादा, तू बारा घेतलीस? आणि मला फोनवर म्हणालास, आईला जरा सत्य पचवू दे, कुणी विकत घेणार नाही हे तिला कळू दे!"

"मग? तुझ्या डोक्यात काही येऊ नये म्हणून म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे तूही तेच करशील म्हणून! तुझा पगार किती, भाडं किती, मला माहीत नाही का?"

"मी इथे भाडं देत नाही."

"तेच म्हणतोय."

तोमिएने मुलीकडे मान वळवली. "चिसातो."

चिसातोने बराच वेळ चटईची किनार चाचपली. "सहा," ती म्हणाली. "औषधाच्या दुकानात माझ्या कपाटात आहेत. दोन मीच घेतली. चार वेळा दुसऱ्यांना पाठवलं, म्हणजे हिदाकांना कळू नये."

"कुणाला पाठवलंस?"

"पेशंटना. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्यांना."

किनुए आत्यांना हसताना ठसका लागला. मिसाओने पुढे होऊन त्यांची पाठ चोळली, आणि चोळता चोळता आपल्या नणंदेकडे, चिसातोकडे, पाहिलं. अकरा वर्षांत त्या दोघी एका बाजूला कधी नव्हत्या. चिसातोने ओठ आवळून मान जराशी हलवली. तिलाही हसू आवरत नव्हतं.

*

कान्जीला हसू येत नव्हतं. ऑगस्टमध्ये तो कामासाठी या बाजूला आला होता आणि आईला न सांगता गावातून चालला होता. हिदाकांच्या दुकानाच्या काचेतून आई दिसली. 'आपलं गाव' असं लिहिलेल्या फळीसमोर ती उभी होती. मासेमारीची मासिकं बाजूला करून ती आपली पुस्तकं मधल्या खणात लावत होती, मुखपृष्ठ बाहेर येईल अशी. मग दोन पावलं मागे जाऊन तिने पाहिलं. एक गिऱ्हाईक आलं तशी ती घाईने बाजूच्या कॅलेंडरांकडे वळली आणि कॅलेंडर चाळू लागली. ऑगस्टमध्ये कॅलेंडर.

हे तो कुणालाच सांगू शकला नव्हता. मिसाओला तर नाहीच. तिने विचारलं असतं, माझ्यासाठी कधी बारा काही घेतलंस का?

"मला माहितीये तुझा हेतू," आई त्याला म्हणत होती. "प्रती घरी आल्या तर वडिलांच्या खोलीत ठेवाव्या लागतील. खोली भरली की घर विकायला अडचण. म्हणून आधी आईशी गोड बोलायचं, मग हळूच म्हणायचं, चल हिरोशिमाला."

"काय संबंध? मी विकत घेतली, आई. लगदा व्हावा असं वाटत असतं तर घेतली असती का?"

"तेच मला कळत नाहीये. म्हणूनच संशय येतोय."

"घर विकायचं ठरलंय?" किनुए आत्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या बापाचं घर? आणि मला श्राद्धाच्या दिवशी कळतंय?"

"कुणी काही विकत नाहीये, आत्या!"

"पुस्तकंसुद्धा नाही," मिसाओ हळूच म्हणाली.

तोमिएने हात वर केला. वर्ग गप्प करायची तिची ती जुनी सवय होती, आणि सगळे गप्प झाले. "बारा आणि सहा अठरा. एकेचाळीसातले तेवीस राहिले. ते कुणाचे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने आकडा लपवलाय.

"दादा, बारा की पस्तीस?"

"डिकी उघडून बघ."

"आईंनी हिदाका-सानना विचारावं," मिसाओ म्हणाली. "म्हणजे संशयच नको."

चिसातोने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. दुकानदाराचा आवाज मागच्या खोलीतून धावत आल्यासारखा होता. श्राद्धाच्या दिवशी त्रास देतेय म्हणून तोमिएने आधी माफी मागितली, त्यानेही मागितली, मग तिने प्रश्न विचारला.

"अठरा सोडून? हो, तेवीस असतील," हिदाका म्हणाला. "ते अठरा कुणाचे ते मला कळलं होतं, सेन्सेई, पण मी कसं बोलणार? गुरुवारी गाडी चांगली दोन वळणं लांब लावायचे कान्जी-सान."

"उरलेले कुणी घेतले?"

"गावातल्यांनीच. यंदा शरद ऋतूत गावात पाच-सहा घरी मयत झाली ना. म्हणजे, कसं सांगू. लोक सांत्वनाचे पैसे देतात, त्याच्या निम्म्याची परतभेट द्यावी लागते. तुमचं पुस्तक अठराशे येनचं. अगदी बरोबर बसतं. टॉवेल सगळेच देतात. पुस्तक जरा भारदस्त दिसतं. शिवाय आपल्या शाळेतल्या सेन्सेईंचं आहे, म्हणजे कुणी नावं ठेवत नाही."

"ते उघडून पाहायचे का? घेताना?"

"बांधूनच न्यायचे. राखाडी-पांढऱ्या कागदात. तेवीसच्या तेवीस मीच बांधली." त्याला काहीतरी जाणवलं असावं. "पण रंग फार छान आहे मुखपृष्ठाचा. शोकाला चालतो."

तोमिएने त्याचे आभार मानले, वाकून मानले, जरी तो दिसत नव्हता.

*

फोन बंद झाल्यावर तिने फॉर्म टेबलावर सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं.

"आई, थांब ना," चिसातो म्हणाली.

"कशासाठी? निकाल लागला. शून्य वाचक." तिच्या आवाजात राग नव्हता. "प्रयोग चुकला तर चुकला म्हणायचं. तेवीस घरांत माझे आकडे टॉवेलाच्या जागी गेले. तुम्ही दोघांनी अठरा लपवून ठेवले. आणि वन्संनी एक खिडकीखाली लावलं. त्यातल्या त्यात तेच कामाला आलं."

"मी ते मनापासून लावलंय," आत्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा स्वर नरम होता.

मिसाओ उठली. या घरात कुणी गप्प बसलं की ती काहीतरी वाढायला घेत असे. "मी नैवेद्य उघडते. मांजू तरी खाऊया." तिने मांजूचं खोकं काढलं, मग ते चपटं राखाडी-पांढरं पुडकं. कागद नखाने सोडवताना ती थांबली. हा कागद.

"आत्या, यात काय आहे?"

"असेल काहीतरी. समुद्रशेवाळाच्या वड्या. चपटं आहे ना."

"तुम्ही उघडलं नाहीत?"

"मला न्हाव्याच्या बायकोकडून आलं. मी शेवाळ खात नाही, दातात अडकतं. म्हटलं मोरिहिकोला आवडायचं." मग मिसाओच्या हातातलं निळं-राखाडी मुखपृष्ठ त्यांना दिसलं आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले. "अगं बाई. भावाच्या फोटोपुढे मी ते ठेवून नमस्कार केला!"

यावेळी कान्जी मोठ्याने हसला, आणि चिसातोही. तोमिए हसली नाही. तिने पुस्तक मागून घेतलं आणि सवयीने शेवटचं पान पाहिलं. सतरा. मग तिच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. पानांत कागदाचा कपटा होता, औषधाच्या पाकिटाचा फाडलेला तुकडा, खूण म्हणून घातलेला. पान अठ्ठ्याऐंशी.

समासात पेन्सिलने लिहिलं होतं. अक्षर मोठं, दाबून लिहिलेलं, लिहायची फारशी सवय नसलेल्या माणसाचं.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर फेब्रुवारी १९९४ होता. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सहा दिवस जिल्ह्याच्या इस्पितळात होती, आणि मोरिहिको रोज सकाळी तिच्याऐवजी धक्क्यावर गेला होता. रोज दुपारी भेटायला आला की खिशातून चिठ्ठी काढून तो आकडा वाचून दाखवायचा. नऊ पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक एक. दोन. तीन. दोन. दोन. पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिने त्या सहा दिवसांसाठी त्याचे आभार मानले होते. आलेखाखाली लिहिलं होतं: 'एकतीस वर्षांतला सर्वांत स्थिर आठवडा. बहुधा वारा पूर्ण पडलेला असावा.'

समासात लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं, कारण मनात वाचून तिला ते नीट कळेना.

"'हे सहा दिवस धक्का बंद होता. पायऱ्यांचं काम चालू होतं. वर दोरी लावलेली. दोरी मी लावली. एकालाही खाली सोडलं नाही. मग हे पाणी कुठलं?'" तिने पान जरा लांब धरलं. "'वारा पडलेला नव्हता. गुरुवारी फळ्या उडून समुद्रात गेल्या. दोन मी गळाने काढल्या. बाकी पुस्तक बरोबर वाटतं. ८७चा मे महिना मला आठवतो, तसाच होता.'"

त्या वर्षी तोमिए इस्पितळातून घरी परतली तेव्हा खालच्या चार पायऱ्यांचं सिमेंट पांढरट होतं. बादली टेकवताना तिने ते पाहिलं होतं. तेवीस वर्षं रोज त्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि कधी विचारलं नाही. आकडे इतके जवळजवळ होते. एखाद्या विद्यार्थ्याने असे आकडे आणले असते तर तिने त्याला परत पाठवलं असतं.

तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. पोस्टातला कारकून, मान कलती, हसतोय. तो दोरीपर्यंत गेला असणार. परत फिरला असणार. मग बसमध्ये बसून, गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून, तिला आवडेल असा आकडा लिहिला असणार. सहा वेळा.

"बाबांनी..." चिसातो म्हणाली.

"हो."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला कळतंय कशासाठी ते." तिने कान्जीकडे पाहिलं, मग चिसातोकडे. "या घरात ते रक्तातच आहे."

किनुए आत्या डोळे पुसत होत्या आणि पुसत नसल्यासारखं दाखवत होत्या. "लहानपणीही तो असाच होता. परीक्षेत नापास झाला तरी आईला सांगायचा, पेपर हरवला."

"वन्सं, हे कुणी लिहिलंय?"

"मला काय माहीत? न्हाव्याच्या बायकोला ओत्सुबोच्या सुनेने दिलं म्हणे. ओत्सुबो म्हणजे तो बंदरावरचा गवंडी, आता नव्वदीला आलाय." आत्या थबकल्या. "थांब. तो म्हातारा आठ दिवस घरभर काहीतरी शोधतोय म्हणत होती ती सून. तिच्यावर ओरडतोय. ती म्हणाली, टेबलावर पडलेलं नवंकोरं पुस्तक होतं, मी कागदात बांधून देऊन टाकलं, आता त्याला कसं सांगू."

"तो शोधतोय?"

"वेड लागल्यासारखा, म्हणाली."

तोमिएने पेन उचललं. फॉर्मवर तिने 'प्रती घरी पाठवाव्यात' या ओळीपुढे खूण केली आणि कागद मुलाकडे सरकवला.

"म्हणजे दुसरा भाग?" कान्जीने सावधपणे विचारलं.

"आधी पहिला दुरुस्त करायचा आहे. चुकीचा आलेख आहे, चुकीचा निष्कर्ष आहे, आणि आभार... आभार राहू देत. पण प्रत्येक प्रतीत चूक-दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी लागेल. तीनशे नव्वद. आणि तुझ्या डिकीतल्या बारा. आणि सहा. वन्सं, खिडकीखालची पण."

"खिडकी वाजेल."

"वाजू दे. बाबांच्या खोलीत खोकी येतील, कान्जी. आणि ती खोली भरली म्हणून मला अजिबात वाईट वाटणार नाही, हे तू लक्षात ठेव."

"मी काही म्हणालोच नाही!"

"म्हणून सांगतेय."

मिसाओने चहा पुन्हा ओतला. चिसातोने तिच्या हातातून किटली घेतली, तेवढीच मदत. बाहेर तीन वाजायला आले होते आणि समुद्रावरून वारा सुटला होता. तोमिएने नकळत त्याची दिशा पाहिली. वायव्य.

ती उठली आणि कोट चढवला. सतरा नंबरची प्रत काखेत धरली.

"आई, मी नीट बांधून देते," मिसाओ म्हणाली आणि नवा कागद आणायला वळली.

"नको!" तोमिए म्हणाली, इतक्या जोरात की सगळे दचकले. "कागदात अजिबात नको. कागद दिसला की तो परतभेट पाठवेल. मला त्याच्याकडून टॉवेल नकोय. मला ८७चा मे महिना विचारायचाय."

दारात जोडे घालताना तिने पुन्हा अठ्ठ्याऐंशीवं पान उघडून पाहिलं. अक्षर खरोखरच फार दाबून लिहिलेलं होतं. पानाच्या मागच्या बाजूला, १९९३च्या फेब्रुवारीवर, ते बोटाला लागत होतं.